स्विच बंद, तरी बल्ब मिणमिणतोय? होल्डरला हात लावण्याआधी हे वाचा

इंद्रलोक (भाईंदर पूर्व) : भाताची कापणी उरकून भाऊबीजेला ताईकडे इंद्रलोकला गेलो होतो. रात्री दिवे बंद केले, तरी हॉलमधला एलईडी बल्ब काजव्यासारखा मिणमिणत होता. ताई म्हणाली, "अरे, दिवाळीआधी इन्व्हर्टर बसवला तेव्हापासून असंच चाललंय. दोन बल्ब बदलून झाले."

सकाळी दाजी स्टुलावर चढले. होल्डरच बदलून टाकू म्हणाले. स्विच बंद होता. मी म्हटलं, "दाजी, थांबा, आधी टेस्टर लावू." लावला, तर पेटला! बोर्डावरचा लाइटचा छोटा एमसीबी पाडला, तरी पेटतच राहिला. मेन पाडला, तर पंखा इन्व्हर्टरवर फिरतोय. शेवटी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढला, तेव्हा कुठे टेस्टर विझला. दाजींनी तसाच हात घातला असता तर भाऊबीज कशी झाली असती, सांगता येत नाही.

भाईंदरला अदानी इलेक्ट्रिसिटीची वीज, आपल्याकडे मुरबाड-शहापूरला महावितरणची. पण घरातलं वायरिंग दोन्हीकडे सारखंच आणि चुकाही सारख्याच. म्हणून हे लिहितोय.

नेमकं काय झालं होतं?

घरात दोन वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. फेजमध्ये 230 व्होल्टचा दाब असतो. स्विच नेहमी फेजवर हवा. शेताच्या पाइपलाइनचंच बघा ना. व्हॉल्व पंपाकडच्या तोंडाला असेल तर बंद केल्यावर पुढची नळी रिकामी होते. तोच व्हॉल्व शेवटच्या टोकाला असेल तर पाणी वाहत नाही, पण नळी दाबाने भरलेलीच राहते. स्विच न्यूट्रलवर गेला की बल्ब विझतो, पण होल्डरपर्यंत करंट उभा असतो.

ताईकडे इन्व्हर्टर जोडताना लाइटच्या लाइनची फेज-न्यूट्रल उलटी झाली होती. त्यामुळे छोटा एमसीबीही न्यूट्रलच तोडत होता. एलईडीला अगदी थोडा करंट पुरतो, म्हणून तो मिणमिणायचा. जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात हा दोष कळलाही नसता. वायरमनने दोन वायरी अदलाबदल केल्या, दहा मिनिटांचं काम.

मिणमिणण्याचं प्रत्येक कारण धोक्याचंच असतं असं नाही. स्विचमध्ये बारीक लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातूनही थोडा करंट जातो. पण खात्री केल्याशिवाय होल्डरला हात नको.

दोष कसा ओळखायचा?

एकच बल्ब लागत नाही : आधी तोच बल्ब दुसऱ्या खोलीत लावून बघा. तिथे लागला तर दोष होल्डरचा किंवा स्विचचा. होल्डरमधल्या पिना बऱ्याचदा दबलेल्या असतात. 

स्विच चटचट वाजतो, गरम होतो, जळका वास येतो : आतला स्क्रू ढिला झालाय किंवा पॉइंट जळालेत. असा स्विच वापरू नका, बदला. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आणि आपल्याकडच्या ओल धरणाऱ्या भिंतीत हे लवकर होतं. गिझर, इस्त्री किंवा मोटर 6 अँपिअरच्या स्विचवर चालवू नका, त्याला 16 अँपिअरचा लागतो.

जिन्याचा दिवा एकाच बाजूने लागतो : तिथले स्विच टू-वे असतात, मागे तीन वायरी. बदलताना त्यांची जागा चुकली की असं होतं. वायरी सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

काही दिवे एकदम प्रखर, काही मंद : थ्री-फेज घरात न्यूट्रल ढिला किंवा तुटला की 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. टीव्ही, फ्रिज जळायच्या आत मेन पाडा आणि तक्रार करा.

एमसीबी किंवा आरसीसीबी सारखा पडतो : एमसीबी शॉर्ट किंवा जादा लोडने पडतो. आरसीसीबी करंट गळाला की पडतो. पावसाळ्यात बहुतेक वेळा अंगणातला किंवा गोठ्यातला ओला बल्ब सापडतो. उपकरणं एकेक काढून बघा. जबरदस्तीने वर करून ठेवणं, फ्यूजला जाड तार बांधणं म्हणजे जिवाशी खेळ.

काम करण्याआधी

1. मेन पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा आणि प्लग काढा.
2. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो चांगला आहे का बघा. मग जिथे काम करायचंय तिथल्या सगळ्या वायरींना लावा. काम करताना कोणी मेन वर करणार नाही, यासाठी एकाला तिथे उभं करा.
3. टेस्टरवर आंधळा विश्वास नको. न्यूट्रल तुटलेला असेल तर न्यूट्रलच्या वायरलाही तो पेटतो. गोंधळ वाटला तर थांबा.
4. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, शिडी लाकडी.

बल्ब बदलणं, दोष ओळखणं हे आपलं काम. बोर्डातल्या वायरी, इन्व्हर्टरची जोडणी, अर्थिंग हे परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. काम झालं की त्याच्यासमोर एक तपासणी करा : स्विच बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावायला सांगा. पेटला तर पैसे देऊ नका, आधी दुरुस्त करून घ्या. लाइटसाठी 1.5 आणि सॉकेटसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची आयएसआय वायर, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढं तरी मागाच.

शेजारीही अंधार असेल तर दोष घरातला नाही. महावितरणला 1912 वर फोन करा, खांबावर कोणी चढू नका. कुणाला शॉक लागला तर त्याला हात न लावता आधी मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा आणि 108 ला फोन करा.

ताईच्या हॉलमधला बल्ब आता रात्री पूर्ण विझतो. घरी आल्यावर मी आधी आमच्याच होल्डरला टेस्टर लावला. तुम्हीही आज संध्याकाळी लावून बघा.