स्वामित्वहक्कमुक्त वन्यपात्रे : ‘द जंगल बुक’च्या संदर्भात

रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘द जंगल बुक’ (१८९४) मधील वैनगंगा पुढे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. किपलिंग १९३६ मध्ये निवर्तले. १९५७ च्या कायद्यानुसार त्यांचा स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ५० वर्षांनी, म्हणजे १९८६ अखेर, संपुष्टात आला. १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत ६० वर्षे झाली. परंतु संपलेले हक्क पुनरुज्जीवित झाले नाहीत. परिणामी बघीरा, बालू व शेरखान यांच्या मूळ कथांचे मराठी, गोंडी वा माडिया रूपांतर विनापरवानगी करता येते. मात्र डिस्नेच्या १९६७ मधील चित्रपटाचा हक्क भारतात २०२७ अखेरपर्यंत अबाधित असल्याने त्यातील चित्ररूपे उचलता येत नाहीत. सारांश, येथील शाळांनी कथा किपलिंगची घ्यावी. वाघ-अस्वले मात्र आपल्याच जंगलातील रेखाटावीत.