यकृताचा प्रगत कर्करोग : रोबोटिक शस्त्रक्रिया कोणासाठी?

‘रोबोटने शस्त्रक्रिया केली’ असे वाचले की यंत्रच शस्त्र चालवते, असा समज होतो. प्रत्यक्षात शल्यविशारद त्याच दालनात काही फुटांवर नियंत्रण-मंचावर बसलेले असतात. पोटावरील सुमारे एक सेंटिमीटरच्या काही छिद्रांतून आत गेलेली उपकरणे त्यांच्याच हातांच्या हालचाली गिरवतात. ती मनगटासारखी वळतात आणि हाताचा कंप त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

यकृतात या अचूकतेचे मोल अधिक असते. या अवयवातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पोर्टल शिरेतून येतो. येथे येणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा थोडा वेळ दाबून धरण्याची युक्ती जेम्स प्रिंगल यांनी १९०८ मध्ये मांडली होती. आजच्या रोबोटिक शस्त्रक्रियेतही तीच उपयोगी पडते.

मात्र खरा प्रश्न किती कापावे हा नसून किती उरेल हा आहे. निरोगी यकृताचा २० ते ३० टक्के भाग उरला तरी तो पुन्हा वाढतो. सिरोसिस असल्यास सुमारे ४० टक्के भाग राखावा लागतो. यकृतात उद्भवणारा कर्करोग बहुधा हिपॅटायटिस, मद्य किंवा चरबीमुळे आधीच जर्जर झालेल्या यकृतात होतो. अशा रुग्णाच्या पोटावर मोठा छेद टळला, तर नंतर पोटात पाणी साचण्याचा धोकाही घटतो. लहान छिद्रांचा मोठा लाभ हाच; व्रण दिसत नाही, हे गौण.

कर्करोग मुख्य शिरेत शिरला किंवा फुप्फुसांत पसरला असेल, तर सामान्यतः औषधोपचारच प्रथम येतात. अटेझोलिझुमॅब व बेव्हासिझुमॅब ही जोडी २०२० पासून वापरात आहे. औषधांनी गाठ आक्रसली, तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेचा मार्ग खुला होतो. कधी गाठीच्या बाजूची पोर्टल शाखा बंद करून दुसरी बाजू काही आठवडे वाढू दिली जाते. त्यानंतरच छेद उघडा की रोबोटिक, हा विचार येतो.

रोबोटिक शस्त्रक्रिया महाग आहे. शिवाय अनेक यंत्रांतून ऊतींचा स्पर्श शल्यविशारदाच्या बोटांना जाणवत नाही. रक्तस्राव आवरेना झाल्यास पोट उघडावे लागते. तो पराभव नव्हे, खबरदारी होय. ही शक्यता रुग्णाला व नातेवाइकांना संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वीच समजावून सांगायची असते.