युद्धानंतरचे पोलीस कोणाचे? लायबेरियाचा अनुभव

युद्ध थांबते, करारावर सह्या होतात. पण ज्या पोलिसांनी काल लोकांवर जुलूम केला, त्यांच्याच दारात आज तक्रार घेऊन कसे जायचे? पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियापुढे २००३ साली हाच प्रश्न होता.

१९८९ ते २००३ या काळात तिथे दोन यादवी युद्धे झाली. अंदाजे अडीच लाख माणसे मेली, असंख्य स्त्रियांवर बलात्कार झाले. ऑगस्ट २००३ मध्ये शांतता करार झाला आणि पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शांतता मोहिमेला मंजुरी दिली. सैनिकांबरोबर अनेक देशांचे पोलीसही गेले.

हे पोलीस तिथे राज्य करायला गेले नव्हते. १९९९ मध्ये कोसोव्हो आणि पूर्व तिमोरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांना अटकेचेही अधिकार होते. लायबेरियात कायदा राबवण्याची जबाबदारी स्थानिक पोलिसांचीच राहिली. बाहेरून आलेल्यांनी जुन्या पोलिसांची छाननी केली, नव्यांना प्रशिक्षण दिले, ठाण्यात सोबत बसून काम शिकवले. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठी २००५ मध्ये पोलीस दलात स्वतंत्र विभाग सुरू झाला.

जानेवारी २००७ मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक महिला राजधानी मन्रोव्हियात उतरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील ही पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी. त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर पहारा दिला, रात्रीची गस्त घातली. शाळा अर्धवट सुटलेल्या स्थानिक मुलींना पोलिसात येता यावे म्हणून खास वर्गही चालवले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार तिथल्या सुरक्षा क्षेत्रातील महिलांचे प्रमाण २००७ मधील ६ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत १७ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी भारतीय तुकडी परतली.

पण एक काम राहिले. सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये युद्धगुन्ह्यांसाठी विशेष न्यायालयाची शिफारस केली होती. मार्च २०१८ मध्ये मोहीम संपली, तोवर ते न्यायालय उभे राहिले नव्हते.

नव्या गाड्या आणि नवा गणवेश म्हणजे पोलीस सुधारणा, असे आम्ही मानत नाही. बाहेर कोणाला काढले? आत कोणाला घेतले? आणि अन्याय झाला तर जाब कोण विचारणार? लायबेरियाने पहिल्या दोन प्रश्नांवर बरेच काम केले, तिसरा टाळला. कार्यकर्त्यांनी कोणत्याही पोलीस सुधारणेला हे तिन्ही प्रश्न विचारावेत, आणि तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत थांबू नये.