इलेक्ट्रिक गाडीचा ब्रेक मऊ लागतोय? आधी गाडी उभी करा

समजा, तुम्ही गेवराईकडून येताय. गोदावरीचा पूल ओलांडला, शहागड आलं. पुढे उसाची ट्रॉली वळतेय. तुम्ही ब्रेक दाबता आणि पायडल रोजच्यापेक्षा दोन बोटं जास्त खाली जातं. पुन्हा दाबता, मग गाडी थांबते. घरी आल्यावर म्हणता, "थांबली ना? मग झालं!" वाचकहो, घात होतो तो इथेच. आज दुसऱ्या दाबाला थांबली, उद्या दुसरा दाब द्यायला वेळ मिळेलच असे नाही.

टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, २०२२ मध्ये टियागो ईव्ही आली. हळूहळू या गाड्या गावाकडेही आल्या आणि त्यांच्यासोबत एक समजही आला : इंजिन नाही, ऑईल बदलणे नाही, मग सर्व्हिसिंग कशाला? इंजिन ऑईल नाही हे खरे. पण ब्रेक ऑईल आहे, आणि ते डिझेल गाडीत असते तसेच आहे.

मग फरक कुठे? सायकलला डायनामो लावला की पायडल जड होते, हे आपण लहानपणी अनुभवले आहे. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलेटरवरून पाय काढला की मोटार तशीच डायनामो बनते, बॅटरीत वीज भरते आणि गाडीचा वेग ओढून धरते. रोजच्या चालवण्यात बरेचसे काम मोटारच करते. त्यामुळे खरा ब्रेक बिघडत चालला तरी लक्षात येत नाही. तो लक्षात येतो एकदम करकचून दाबायची वेळ आल्यावर.

पायडल मऊ का पडते? विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने हवा धरली की ते चालू होत नाही, नट सैल करून हवा काढावी लागते. ब्रेकचे तसेच आहे. ऑईल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. नळीत हवा शिरली की जोर हवा दाबण्यातच जातो. दुसरे कारण ओलावा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, तसे ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेते. नवे डॉट ४ ऑईल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ब्रेक तापला की ऑईल उकळते, वाफ होते आणि पायडल खाली जाते. गाडी कमी फिरली तरी ऑईल जुने होतेच. म्हणून किलोमीटर मोजून भागत नाही, वर्षेही मोजावी लागतात. साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलावे. नेमकी मुदत गाडीच्या पुस्तकात असते.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, गाडी चालू करा. चालू करताना पायडल किंचित खाली जाणे हे बूस्टरचे काम, तो दोष नव्हे. आता पायडल दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली बसत गेले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. बसत नाही, पण स्प्रिंगसारखे लागते आणि पंप मारल्यावर वर येते, तर हवा असण्याचा संभव जास्त. पंप मारल्यावर पक्के घट्ट होत असेल आणि मागे ड्रम असतील, तर लायनरचा गॅपही वाढलेला असू शकतो. बॉनेटखालच्या डबीत ऑईल मिनच्या खाली आहे का, चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, तेही पाहा.

एक गोष्ट मात्र वेगळी. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोटारीची ओढ कमी होते, कारण वीज भरायला जागाच नसते. गाडी सुसाट पळते असे वाटते, पण पायडल नेहमीसारखेच लागते. हा बिघाड नव्हे.

हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पायडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल थोडा सैल करायचा. निपलला पारदर्शक नळी, नळीचे टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडालेले. निपल आवळल्यावरच पाय उचलायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचे आणि मधून मधून डबी भरत राहायचे. डबी रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरते. आधी कोणते चाक, हे पुस्तकात पाहा. निघालेले ऑईल परत वापरू नका. सील फोडून ठेवलेली जुनी बाटलीही नको. इंजिन ऑईल तर चुकूनही टाकू नका, रबर फुगून ब्रेक कायमचा जाईल.

मात्र गल्लीतल्या मेकॅनिकला आधीच सांगा : बॅटरी गाडीच्या पोटाखाली आहे, जॅक खुणेच्या जागीच लावायचा. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. काही गाड्यांत ब्रेक आणि मोटार यांची सांगड कॉम्प्युटर घालतो, तिथे हवा काढायला कंपनीचे मशीन लागते. त्या गाडीवर हात आजमावू नका. गळती सापडली तर हवा काढून उपयोग नाही, आधी तो भाग बदला.

काम झाल्यावर मोकळ्या मैदानात दहा-पंधराच्या वेगाने चार-सहा वेळा ब्रेक मारून पाहा. पायडल वरच आणि घट्ट लागले, तरच रस्त्यावर या. तोवर गाडी ढकलत नेऊ नका, चालवत तर नाहीच; उचलून न्यायची सोय करा. त्याला खर्च येईल, पण बैल उधळला तर कासरा तरी हातात असतो. ब्रेक गेलेल्या गाडीत हातात काही उरत नाही.