हायलक्स : न मोडणाऱ्या गाडीची कीर्ती

2 जानेवारी 1987 रोजी उत्तर चाडमधल्या फादा या वाळवंटी गावापाशी एक विलक्षण लढाई झाली. एका बाजूला लिबियाचे टी-55 रणगाडे होते, तर दुसऱ्या बाजूला उघड्या हौद्याच्या जपानी पिकअप गाड्या. त्यांतल्या अनेकांवर फ्रान्सकडून मिळालेली मिलान रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे बसवलेली होती. चाडचे सैनिक भरधाव यायचे, रणगाड्याची तोफ त्यांच्याकडे वळायच्या आत नेम साधायचे आणि दिसेनासे व्हायचे. उपलब्ध नोंदींनुसार त्या दिवशी लिबियाने 90हून अधिक रणगाडे गमावले आणि चाडने फक्त तीन टोयोटा. मार्चमध्ये वादी दूमचा लिबियाचा हवाईतळ पडला, सप्टेंबरमध्ये युद्धबंदी झाली. चाड आणि लिबियातल्या संघर्षाचा हा शेवटचा टप्पा जगभर ‘टोयोटा युद्ध’ म्हणून ओळखला जातो.

रणगाडे फोडले ते क्षेपणास्त्रांनी, गाड्यांनी नव्हे. शिवाय त्या ताफ्यात टोयोटाच्या हायलक्सबरोबर लँड क्रूझरही मोठ्या संख्येने होत्या. गाड्यांचे खरे काम वेगळे होते. जिथे रस्ता नाही, वर्कशॉप नाही आणि हवेतच वाळू आहे, अशा मुलखात माणसे, पाणी, इंधन आणि दारूगोळा घेऊन शेकडो किलोमीटर जायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालू व्हायचे. दणकट गाडी म्हणून नाव होते ते अशा मुलखात. तिथे गाडी बंद पडली तर माणसाच्या जिवावर बेतते, म्हणून तिथला चालक गाडीबद्दल जे सांगतो त्यावर लोक विश्वास ठेवतात.

हायलक्स जन्माला आली तेव्हा तिच्याकडून असली कुणाचीच अपेक्षा नव्हती. मार्च 1968 मध्ये टोकियोजवळच्या हामुरा इथल्या हिनो मोटर्सच्या कारखान्यातून पहिली हायलक्स बाहेर पडली. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि टनभर माल वाहण्याची क्षमता असलेली ती मालवाहू गाडी होती. 1979 मध्ये तिची फोर बाय फोर आवृत्ती आली आणि चित्र पालटले. ऑस्ट्रेलियातल्या खाणी, आफ्रिकेतली मदतपथके, डोंगराळ भागातले शेतकरी अशी नवी गिऱ्हाइके तिला मिळू लागली.

तिच्या टणकपणाचे मूळ शोधायचे तर गाडीखाली वाकून बघायला हवे. सगळा भार चासीवर असतो. गाडीच्या लांबीएवढ्या दोन जाड पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे मिळून ही शिडीसारखी चासी बनते. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल हे सारे तिलाच बांधलेले असते. केबिन आणि हौदा हे दोन स्वतंत्र भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले असतात, आणि केबिनखाली रबराचे बुश असतात. केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यामध्ये बोटभर फट दिसते. ती मुद्दाम ठेवलेली असते. पुढचे डावे चाक खडकावर आणि मागचे डावे चाक खड्ड्यात असते तेव्हा चासी किंचित पिळवटते. त्या क्षणी केबिन एकीकडे कलते, हौदा दुसरीकडे कलतो आणि फटीमुळे ते एकमेकांना घासत नाहीत. केबिन आणि हौदा एकसंध असते, तर हाच पीळ पत्र्याच्या सांध्यांवर आला असता आणि कालांतराने तिथे चिरा पडल्या असत्या.

मागच्या एक्सलवर कमानपाटे असतात. एकावर एक रचलेली पोलादी पाने मध्यभागी सेंटर बोल्टने धरलेली आणि यू-बोल्टने एक्सलला आवळलेली असतात. पाट्याचे पुढचे टोक चासीला पक्के असते, मागचे टोक झुलत्या शॅकलवर असते. माल चढला की कमान सपाट होते, म्हणजे तिची लांबी वाढते, आणि ती वाढ शॅकल मागे झुकून सामावून घेते. पाने एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने धक्क्याचा थोडा जोर आपोआप जिरतो. या रचनेत बैठक आरामाची नसते, रिकामी गाडी खड्ड्यात चांगलीच उसळते. पण एखादे पान तुटले तर उरलेल्या पानांवर गाडी हळूहळू गावापर्यंत येते, आणि तिथला साधा कारागीरही ते बदलू शकतो. माझ्या मते हायलक्सच्या कीर्तीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. मोडली तरी ती घरी पोचवते आणि जवळच्या माणसाकडून दुरुस्त होते.

इंजिनाचेही तसेच. जुन्या डिझेल हायलक्सला स्पार्क प्लग नव्हते आणि इंधनाची मात्रा ठरवायला संगणकही नव्हता. यांत्रिक पंप नोजलपर्यंत डिझेल ढकलायचा आणि दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटायचे. त्याच घराण्यातली इंजिने टोयोटाच्या इतर गाड्यांतही असत, त्यामुळे सुटे भाग आणि ते बसवणारे हात दूरदूरच्या गावांतही सापडत.

2003 मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमाने या टणकपणाची जाहीर परीक्षा घेतली. जेरेमी क्लार्कसन याने 1988ची, 1,90,000 मैल म्हणजे सुमारे तीन लाख किलोमीटर चाललेली डिझेल हायलक्स 1,000 पौंडांना घेतली. ती पायऱ्यांवरून उतरवली, झाडावर आदळवली, ब्रिस्टल खाडीच्या किनाऱ्यावर बांधून ठेवली. भरतीने ती ओढून नेली आणि गाडी पाण्याखाली गेली. मेकॅनिकना अट एकच होती : नेहमीची हत्यारे वापरायची, सुटा भाग नवा घालायचा नाही. खारे पाणी काढून, साफसफाई करून त्यांनी ती चालू केली. पुढे तिच्यावर कॅरव्हान टाकली, इमारती पाडायचा लोखंडी गोळा मारला, केबिन पेटवून दिली. शेवटी 240 फूट उंचीच्या, पाडायला काढलेल्या इमारतीच्या छतावर ती ठेवली आणि सुरुंगाने इमारत खाली आणली. ढिगाऱ्यातून उकरून काढलेल्या त्या सांगाड्याचे इंजिन पुन्हा धडधडले. ती गाडी पुढे इंग्लंडमधल्या ब्यूली इथल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात प्रदर्शनात ठेवली गेली. एका गाडीवरून लाखो गाड्यांचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरेच. पण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात चालकांच्या तोंडून जे आधीच ऐकू येत होते, ते या प्रयोगाने घरोघरी पोचवले.

एखादी गाडी टिकणे निराळे आणि लाखो गाड्या सारख्याच टिकणे निराळे. दुसऱ्या गोष्टीचे श्रेय कारखान्याकडे जाते. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये धागा तुटताच आपोआप थांबणारा स्वयंचलित माग पूर्ण केला. चूक दिसताच काम थांबवायचे, सदोष माल पुढे जाऊ द्यायचा नाही, हे तत्त्व मोटारीच्या कारखान्यात आले. दोष आढळला तर दोरी ओढून सगळ्यांना सावध करण्याचा आणि गरज पडल्यास ओळ थांबवण्याचा अधिकार तिथल्या साध्या कामगाराला असतो.

कीर्ती एकदा कमावली की कायमची राहत नाही, याचे पुरावेही याच घराण्यात आहेत. अमेरिकेत 1995 पासून हायलक्सची जागा टॅकोमाने घेतली. तिथल्या गाड्यांच्या चासी गंजत असल्याच्या तक्रारी वाढल्या. 2016 मध्ये कंपनीने सुमारे 15 लाख गाड्यांसाठी 340 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. त्याच वर्षी स्वीडनमधल्या एका मोटार नियतकालिकाने घेतलेल्या अचानक वळण्याच्या चाचणीत नवी हायलक्स उलटता उलटता राहिली. जानेवारी 2024 मध्ये तर डिझेल इंजिनांच्या शक्तीच्या प्रमाणपत्र चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचे उघड झाले आणि हायलक्ससह काही गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. टणक गाडी सुरक्षित असेलच असे नाही. नाव जुने म्हणून नवी गाडी तपासल्यावाचून घेऊ नये.

आपल्याकडे हायलक्स आली ती 2022 मध्ये. कर्नाटकातल्या बिडदीत ती तयार होते. किमतीमुळे ती शेतकऱ्याची गाडी झालेली नाही. पण 2004 मध्ये टोयोटाने ज्या आयएमव्ही आराखड्यावर हायलक्स नव्याने बांधली, त्याच आराखड्यावर इनोव्हा आणि फॉर्च्युनर उभ्या राहिल्या. लाखो किलोमीटर पळालेल्या ज्या टुरिस्ट इनोव्हा आपण महाराष्ट्रात पाहतो, त्या हायलक्सच्याच भावंडांपैकी आहेत. नाशिकचा कांदा बाजारात पोचवणारी बोलेरो पिकअपही शिडीची चासी आणि मागच्या कमानपाट्यांवरच उभी असते.

जुनी पिकअप घ्यायला जाल, तेव्हा रंग आणि टायर बघून भुलू नका. गाडी उंच जागी उभी करा, टॉर्च घेऊन खाली वाका आणि चासीच्या आतल्या बाजूला, कमानपाटे जिथे जोडले आहेत तिथे, हातोडीने हलके ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पुढे बोला. ठोकताना पोलादाचे पापुद्रे गळले किंवा आवाज बद्द आला, तर सौदा सोडून द्या. कोकणात समुद्राजवळ राहत असाल, तर चासीतून पाणी बाहेर पडायची भोके चिखलाने बुजली नाहीत ना, हे दर पावसाळ्यानंतर पाहत जा.