ग्लासगोतले हिरवे आणि निळे

२८ मे १८८८ रोजी ग्लासगोच्या पूर्व भागात सेल्टिक हा नवाकोरा क्लब पहिला सामना खेळला. समोर रेंजर्स होते. सेल्टिक ५-२ जिंकला आणि नंतर दोन्ही संघ चर्चच्या हॉलमध्ये एकत्र जेवले! हिरव्या सेल्टिकच्या आणि निळ्या रेंजर्सच्या पाठीराख्यांमध्ये आज पोलिसांची भिंत उभी करावी लागते, हे ठाऊक असलेल्याला त्या पंगतीवर विश्वास बसणे कठीण.

सेल्टिक निघाला तोच मुळी जेवणासाठी. १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात उपाशी आयरिश माणसे स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागली आणि ग्लासगोच्या कोंदट वस्त्यांत शिरली. त्यांच्या मुलांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून ब्रदर वॉल्फ्रिड या आयरिश कॅथलिक धर्मबंधूंनी १८८७मध्ये, सामन्यांच्या कमाईतून जेवण पुरवायला, हा क्लब काढला. प्रोटेस्टंटांच्या अन्नछत्रांतल्या सूपापायी मुले धर्म सोडतील, ही धास्तीही होतीच.

रेंजर्सची जन्मकथा मात्र अगदी निरागस आहे. १८७२मध्ये चार हौशी पोरांनी तो संघ काढला, त्यात धर्म कुठेच नव्हता. मग तो चिकटला कसा? आयरिशांचा क्लब जिंकत सुटला तेव्हा प्रोटेस्टंट स्कॉट लोकांना 'आपला' म्हणून कुणीतरी हवाच होता. त्यात १९१२मध्ये बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ कंपनीने रेंजर्सच्या मैदानाजवळ, गोव्हनला, जहाजबांधणी सुरू केली. बेलफास्टहून आलेल्या प्रोटेस्टंट कामगारांनी हत्यारांबरोबर कॅथलिकांशी असलेले गावाकडचे भांडणही आणले. १९२३मध्ये तर खुद्द चर्च ऑफ स्कॉटलंडच्या अहवालाने आयरिश कॅथलिकांना स्कॉटिश राष्ट्रीयत्वावरचे संकट ठरवले. चर्चने त्याची माफी मागितली २००२ साली. घाई नव्हती, एवढेच म्हणायचे.

सगळ्यात थक्क करतो तो कुठेही न लिहिलेला नियम: रेंजर्सने कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही. अपवाद झाले ते तुरळक आणि गुपचूप. सेल्टिकने असे कुंपण घातले नाही. १९६७मध्ये त्यांना युरोपियन कप जिंकून देणारे प्रशिक्षक जॉक स्टीन प्रोटेस्टंट होते. १९८९मध्ये रेंजर्सने मो जॉन्स्टनला घेतले. तो कॅथलिक, त्यात सेल्टिकचा माजी खेळाडू, आणि काही आठवड्यांपूर्वीच सेल्टिकने परत येणार म्हणून मिरवलेला. निळ्यांनी आपले स्कार्फ जाळले, हिरव्यांनी त्याला जूडास म्हटले. एकमत व्हायला दोघांना शंभर वर्षे लागली, आणि झाले ते असे.

नियम मोडला, पण तिरस्काराने नवी चाल शोधली. रेंजर्सच्या स्टँडमधून आयरिश दुष्काळावरचे एक गाणे घुमू लागले. आयरिश वंशाच्यांनी आता परत जावे, हा त्याचा सूर. म्हणजे ज्यांचे पणजोबाही ग्लासगोतच जन्मले, त्यांनी! ते गाणाऱ्या एकाला शिक्षा झाली, तेव्हा ही राजकीय टीका आहे, असा बचाव त्याच्यातर्फे झाला. २००९मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि गाणे वर्णद्वेषी ठरवले.