दोन विमानतळ, एक धनी

तुंगार्लीच्या एखाद्या घरांतून मुलगा बोस्टनला किंवा नात सिंगापुरास निघाली म्हणजे पहिला विचार हा कीं, विमान कोठून धरावें? पूर्वेस पुण्याचें लोहगांव, घाट उतरल्यावर पनवेलनजीक उलव्याचा नवा विमानतळ, आणि त्यापुढें मुंबईचा जुना. तीन दारें उघडीं असतां गिऱ्हाइकास स्पर्धेचा लाभ व्हावा, असें अर्थशास्त्र सांगतें. येथें मात्र तसें घडत नाहीं. त्याचें कारण प्रत्येक गृहस्थानें समजून घेणें अवश्य आहे.

लोहगांव हा मूळचा हवाई दलाचा तळ. धांवपट्टीवर पहिला हक्क लष्कराचा. त्यामुळें परदेशीं जाणारीं विमानें तेथें थोडीं. उरले दोन. नव्या विमानतळाचें काम २०१७ सालीं मिळालें तें मुंबई विमानतळाच्या तत्कालीन चालकांसच. पुढें २०२१ सालीं दोहोंचा कारभार अदाणी समूहाकडे गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नव्याचें उद्घाटन झालें व २५ डिसेंबरपासून तेथून विमानें उडूं लागलीं. देहलीदीपन्यायानें एकच धनी दोहोंकडे! दुकानें दोन आणि गल्ला एक, मग चढाओढ कोणी कोणाशीं करावी?

अशा ठिकाणीं सरकारनें मध्यें पडणें प्राप्तच होतें. २००८ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेलें विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण विमान उतरविण्याचें भाडें व प्रवाशांवरील विकासशुल्क ठरवितें. २०२५ सालीं त्यानें परदेशीं जाणाऱ्या प्रवाशास मुंबईंत ६१५ रुपये, तर नवी मुंबईंत तात्पुरतें १,२२५ रुपये शुल्क ठरविलें. नवी इमारत, नवा खर्च, हें खरें. परंतु हे आंकडे बाजारांतील घासाघिशीनें नव्हे, तर सरकारी हिशेबानें ठरले, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट तिकिटाची. तिकिटावर नांव एका कंपनीचें आणि विमान दुसरीचें, या पद्धतीस ‘कोड-शेअर’ म्हणतात. ती चालते दोन सरकारांमधील कराराच्या मर्यादेंत. लाभ असा कीं, सामान एकदां सोंपविलें म्हणजे बहुधा शेवटच्या मुक्कामींच मिळतें. धोका असा कीं, काल एकमेकींशीं झुंजणाऱ्या कंपन्या आज हातांत हात घालतात. अबुधाबीच्या एतिहादनें २०१३ सालीं जेट एअरवेजचा शेंकडा २४ वांटा घेतला, तेव्हां स्पर्धा आयोगास तो व्यवहार तपासावा लागला. प्रवाशास एक आधार आहे. १९९९ चा माँट्रियल करार भारतानें २००९ सालीं स्वीकारला. त्यान्वयें सामान हरवल्यास तिकीट देणारी किंवा विमान चालविणारी, कोणत्याही कंपनीकडे भरपाई मागतां येते. म्हणून तिकीट घेतांना विमान प्रत्यक्ष कोणाचें, हें वाचावें.

प्राधिकरण दर ठरविण्यापूर्वीं मसुदा प्रसिद्ध करून लोकांचीं मतें मागवितें. विमानतळाचे चालक व विमानकंपन्या आपलें म्हणणें मांडतातच. पैसे भरणाऱ्या घरांनीं मात्र गप्प कां बसावें? ज्या घरांत चार पदवीधर आहेत, तेथून एक पत्र जाण्यास हरकत नसावी.